बायकोची पत्रं कवितेत: रॉबर्ट लोवेल चुकला का?

पाऊलवाट:
अमेरिकन कवी लोवेलचा 'लाइफ स्टडीज' (१९५९) हा कवितासंग्रह मी आजही काढून वाचते. बापाचं अपयश, स्वतःचा मनोरुग्णालयातला मुक्काम, सगळं त्याने कवितेत आणलं, पण ते त्याच्या घरचं होतं. 'द डॉल्फिन' (१९७३) हा संग्रह मात्र मला माफ करवत नाही. १९७० मध्ये तो इंग्लंडला गेला आणि तिथे लेखिका कॅरोलाइन ब्लॅकवुडच्या प्रेमात पडला. न्यूयॉर्कमध्ये बायको एलिझाबेथ हार्डविक आणि मुलगी मागे राहिल्या. त्या दिवसांत हार्डविकने काळजावर दगड ठेवून लिहिलेली पत्रं त्याने तिला न विचारता 'द डॉल्फिन'मधल्या सॉनेटांत (चौदा ओळींच्या कवितांत) घातली. वर मजकूरही बदलला! तिचं वाक्य कुठे संपतं आणि त्याचं कुठे सुरू होतं, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. त्याची जिवाभावाची मैत्रीण, कवयित्री एलिझाबेथ बिशप हिने मार्च १९७२ मध्येच त्याला लिहून बजावलं होतं की, कलेचं मोल एवढं नसतं.

जुना वाचक:
ताई, बिशपच्या पत्रानंतर त्याने हस्तलिखितात फेरफार केले, हेही सांगा. शिवाय तो स्वतःला कुठे वाचवतो? आपल्या हातून काय घडलं ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं, या कबुलीवर पुस्तक संपतं. माझ्या मते त्यातला सर्वांत जिवंत आवाज हार्डविकचाच आहे. तिच्यासमोर तो खुजा दिसतो, आणि तसं दिसायची त्याची तयारी आहे. या पुस्तकाला १९७४ चं पुलित्झर पारितोषिक उगाच नाही मिळालं.

पाऊलवाट:
आवाज जिवंत आहे, कारण तो तिचा आहे! ती स्वतः पट्टीची लेखिका, 'न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स' या नियतकालिकाच्या संस्थापकांपैकी एक. नवऱ्याला लिहिताना ती छापण्यासाठी लिहीत नव्हती. बक्षीस मिळालं त्याला, आणि लोकांच्या नजरा झेलल्या तिने.

शिशिर_पुणे:
कवयित्री एड्रिअन रिचने तेव्हाच या पुस्तकावर कडक लिहिलं होतं, आणि तीही त्याची मैत्रीणच. पण १९७७ मध्ये तो हार्डविककडेच परत आला, तिच्या घरी जातानाच टॅक्सीत वारला. तिने त्याला जवळ केलं, मग आपण कोण बोलणारे?

पाऊलवाट:
तिने माणसाला जवळ केलं. पुस्तकाला संमती दिली, असं त्यातून निघत नाही.

जुना वाचक:
मग २०१९ मध्ये तीच पत्रं छापून आली, ती तुम्ही वाचलीत ना? ती नष्ट झाली असंच हार्डविक समजत होती. मग तिला न विचारता ती छापणं तरी बरोबर का?

पाऊलवाट:
वाचली. दोन रात्री झोप नव्हती. तुमचा प्रश्न मला टाळता येणार नाही. बिशपच्या पत्रात दोन 'जर' होते: जर परवानगी असती, जर मजकूर बदलला नसता. २०१९ च्या पुस्तकात पत्रं तिच्या नावाने, तिच्याच शब्दांत आहेत, म्हणजे दुसरी अट पाळली गेली. परवानगी कुणाला विचारणार? हार्डविक २००७ मध्येच गेली.