ग्रंथालयातून घरी आणलेले अल्बम : तुमचे अनुभव लिहा

पुस्तकांवर आपण भरभरून बोलतो, पण ग्रंथालयातल्या सीडींच्या कपाटाबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. तिथून घरी नेलेला एखादा अल्बम कसा वाटला ते लिहा. आधी नावही ऐकलेलं नसेल तर फारच छान. सुरुवात मी करते.

पणजी : जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस, 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९). आमच्या घरात नाट्यगीतं आणि अभंग, त्यापलीकडे फारसं काही वाजलं नाही. 'सो व्हॉट'मध्ये चाल बासवर वाजते आणि बाकीची वाद्यं तिला दोनच सुरांत उत्तर देतात. पेटी पुढ्यात घेऊन सूर लावून पाहिले, तर चक्क आपला काफी थाट! सोळा बार (चार-चार मात्रांचे गट) तेच सूर, मग आठ बार सगळं अर्ध्या सुरानं वर, आणि पुन्हा मूळ जागी. एका सुरावटीत निवांत राहण्याची आपल्या कानांना सवय असतेच, त्यामुळे मला तो जवळचा वाटला. आतलं बिल इव्हान्सचं टिपण चुकवू नका. 'फ्रेडी फ्रीलोडर' सोडलं तर पियानोही त्यांचाच आहे.

मडगाव : लोर्ना आणि क्रिस पेरी यांची कोकणी गाणी. ही गाणी लहानपणी शेजारच्या घरातून भिंतीपलीकडून ऐकलेली. सीडी आणल्यावर पहिल्यांदाच मन लावून ऐकली. 'बेबदो'त लोर्नाचा आवाज जितका मोकळा सुटतो, तितकेच मागचे ट्रम्पेट नेमक्या जागी येऊन थांबतात. एक ओळ गाऊन झाली की ट्रम्पेट तिला डिवचतो आणि ती पुढची ओळ आणखी जोरात टाकते. माझ्या सासूबाई कधी कोकणी गाणी लावत नाहीत, त्यांनी दुसऱ्या दिवशी आपणहून विचारलं, "ती बाई परत लाव गो."

वास्को : अमालिया रोद्रिगिश, फादो म्हणजे पोर्तुगालची पारंपरिक गाणी. पोर्तुगीज मला कळत नाही. बारा तारांची ती गिटार मात्र अजून कानात आहे.

डिचोली : कीथ जॅरेट, 'द कोल्न कॉन्सर्ट'. २४ जानेवारी १९७५ च्या रात्री जर्मनीतल्या कोलोनच्या ऑपेरागृहात हा कार्यक्रम झाला. पियानो ठरवलेला नव्हता तो आला होता, लहान आणि नादुरुस्त. वरचे सूर पातळ, खालचे अशक्त. म्हणून जॅरेट मधल्या पट्ट्यांत जास्त राहिले आणि डाव्या हातानं तेच तेच तुकडे फिरवत राहिले. मी देवळात भजनाला पेटीवर साथ करतो. आमच्या पेटीच्या मंद्रातल्या दोन पट्ट्या मुक्या आहेत, त्यामुळे हात त्या टाळून कसा वळतो ते मला ठाऊक आहे. पण अडचणीतून तासाभराचं असं गाणं उभं राहतं, हे ऐकून मी सीडी संपल्यावरही जागचा हललो नाही. मध्येमध्ये ते स्वतः गुणगुणतात, तेही ऐकू येतं. एका जागी सीडीला ओरखडा आहे, तेवढं सांभाळून घ्या.

फोंडा : केसरबाई केरकर. आमच्याच तालुक्यातल्या केरीच्या. 'जात कहाँ हो' ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाच्या सोनेरी तबकडीवर गेली, हे शाळेत असल्यापासून ऐकत आलोय, गाणं मात्र आता ऐकलं. जेमतेम साडेतीन मिनिटं. पण आवाज पहिल्या सुरापासून भरीव आणि उघडा लागतो, पाल्हाळ कुठेच नाही. तीन-साडेतीन मिनिटांत राग मांडायचा तर काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे शिकणाऱ्यांनी याच जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात. इतर रागही आहेत, पण मी भैरवीतून बाहेर पडलेलो नाही.

सांगे : किशोरी आमोणकर, भूप. 'प्रथम सुर साधे' आणि मग 'सहेला रे'. पाचच सूर, पण गंधारावर त्या इतक्या वेगवेगळ्या वाटांनी येतात की दर वेळी तो नवा वाटतो. त्यांच्या आई आणि गुरू मोगूबाई कुर्डीकर आमच्या कुर्डीच्या. गाव साळावली धरणाखाली गेला, मे महिन्यात पाणी ओसरलं की जुन्या घरांचे चौथरे उघडे पडतात. लेकीचं गाणं ऐकताना आईचं ऐकायची ओढ लागली, पण मोगूबाईंचा अल्बम आमच्या ग्रंथालयात नाही. मागणीच्या वहीत नाव लिहून आलोय. तुमच्याकडच्या कपाटात असेल तर इथे नक्की कळवा.