मदत हवी आहे: औषधचाचणीचं संमतीपत्र मराठीत कसं मिळवायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही कोथरूडला राहतो. बाबांना (वय ७२) पार्किन्सन्स आहे. डॉक्टरांनी नव्या औषधाच्या चाचणीचं सुचवलंय. हातात पडलं २६ पानी इंग्रजी संमतीपत्र! बाबा 'प्लॅसिबो'वर (औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी) बोट ठेवून विचारतात, "हे काय गं?"

औषधचाचण्यांच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे रुग्णाला कळेल अशा भाषेत माहिती द्यावीच लागते. मराठी प्रत मागितली तर चाचणीवाले म्हणतात, "पुढच्या आठवड्यात बघू." सही मात्र सोमवारी हवी. सीटीआरआयवर (भारतातल्या औषधचाचण्यांची सरकारी ऑनलाइन नोंदवही) चाचणीची नोंदणी सापडली (ती २००९ पासून सक्तीची आहे), पण तिथलं 'डबल ब्लाइंड' वगैरे माझ्याही डोक्यावरून गेलं.

कुणी यातून गेलंय का? एथिक्स कमिटीला (चाचणीला मंजुरी देणारी, रुग्णांचं हित बघणारी समिती) थेट पत्र लिहावं का? या क्षेत्रातलं कुणी अर्धा तास बाबांशी मराठीत बोलेल? चहा-पोहे आमच्याकडे.