११ वेळा आमदार, पक्ष एकच: गणपतरावांच्या निष्ठेतून सांगोल्याला काय मिळालं?

कोरडवाहू: गणपतराव देशमुख, म्हणजे आपले आबा, १९६२ ला सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून पहिल्यांदा निवडून आले, २०१४ ला अकराव्यांदा. १९७२ आणि १९९५ ला पडले. पण शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) सोडला नाही, एसटीचा प्रवास सोडला नाही. आमदारकी कशी करावी याचा याहून चांगला नमुना मला महाराष्ट्रात दिसत नाही. आज जो उठतो तो "मतदारसंघाच्या विकासासाठी" पक्ष बदलतो. आबांनी बहुतेक काळ विरोधी बाकावर बसून दुष्काळी तालुक्यात सूतगिरणी उभी केली.

टेलचा शेतकरी: माणूस म्हणून हजारदा नमस्कार. पण निष्ठेची किंमत तालुक्याने मोजली. नीरा उजव्या कालव्याचं पाणी आमच्याकडे टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे वरच्यांचं भागून उरलं तर. कृष्णेचं पाणी उचलून आणणाऱ्या टेंभू-म्हैसाळ योजनांची वाट बघत एक पिढी म्हातारी झाली. सत्तेतला आमदार असता तर इतकी वर्षं लागली असती का? शेजारचा माळशिरस तालुका बघा, तिथे सत्तेतले नेते आणि कालव्याचं पाणी दोन्ही.

माणदेशी: दादा, माळशिरसचा दाखला चुकीचा आहे. नीरा उजवा कालवा इंग्रजांच्या काळातला, तो कुठल्या मंत्र्याने आणला नाही. आणि सत्तेचंच म्हणाल तर आबा १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या सरकारात आणि १९९९ नंतर विलासरावांच्या मंत्रिमंडळात होतेच. कृष्णेचं पाणी वर उचलून दुष्काळी तालुक्यांना द्या, ही मागणी स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी आणि आबांनी आटपाडीच्या पाणी परिषदांतून वर्षानुवर्षं लावून धरली. तो रेटा नसता तर या योजना आणखी किती रखडल्या असत्या? याला मी आमदाराचं काम म्हणतो. गटारीच्या उद्घाटनाला नाही.

टेलचा शेतकरी: रेटा मान्य. पण मंत्रिपदाची मोजकी वर्षं सोडली तर उरलेला काळ मागण्यातच गेला, हेही खरं ना?

विधानभवन_वाचक: "देशात सर्वाधिक वेळा आमदार" असं सगळीकडे लिहिलं जातं, ते बरोबर नाही. तमिळनाडूचे करुणानिधी १३ वेळा निवडून आले, एकदाही न हरता. माझा मुद्दा वेगळा आहे. इतक्या दीर्घ कारकिर्दीत दुसऱ्या फळीतला कार्यकर्ता का उभा राहिला नाही? २०१९ ला आबा थांबले, उमेदवारी नातवाला. तो ७६८ मतांनी पडला. २०२४ ला दुसरा नातू निवडून आला. कष्टकऱ्यांच्या पक्षाला तालुक्यात घराबाहेरचा माणूस सापडू नये, याचं मला वाईट वाटतं.

कोरडवाहू: आकड्याची दुरुस्ती मान्य. पण सांगोल्याचा मतदार घराण्याला बांधलेला नाही. १९९५ ला त्याने खुद्द आबांना १९२ मतांनी पाडलं आणि १९९९ ला परत निवडून दिलं. नातवालाही आधी नाकारलं, मग दुसऱ्याला घेतलं.

विधानभवन_वाचक: मतदाराबद्दल तक्रार नाहीच. प्रश्न पक्षाला आहे: गावोगाव सूतगिरणीचे, मोर्चांचे कार्यकर्ते होते, त्यांच्यातल्या एकालाही तिकीट का नाही?