अमेरिकन कॉलेज फुटबॉल: सीझनआधी टीम जोखताना नक्की काय बघता?

कोलंबसकर: ओहायोत जानेवारी 2023 पासून खेळांवरचं बेटिंग कायदेशीर झालं, तेव्हापासून ऑगस्ट आला की माझे हात शिवशिवतात. 2024 ला फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाची टीम भरपूर सामने जिंकेल म्हणून पैसे लावले. आदल्या वर्षी 13-1 (13 विजय, एक हार), सीझनआधीच्या रँकिंगमध्ये दहावा नंबर, म्हटलं डोळे झाकून लाव. पहिलाच सामना आयर्लंडमधल्या डब्लिनला, जॉर्जिया टेकशी. पोह्यांची बशी घेऊन बसलो. शेवटच्या क्षणी त्यांचा फील्ड गोल (किक मारून 3 गुण), 24-21 ने हार. पोहे गार, सीझन 2-10. चुकलं कुठे?

जुना_खेळाडू: अरे, ते 13-1 कुणी केलं होतं? ट्रॅव्हिस, व्हर्स, कोलमन, ते स्टार खेळाडू सगळे एनएफएलला, म्हणजे व्यावसायिक लीगला गेले. तू नुसत्या जर्सीवर पैसे लावलेस! मी आधी क्वार्टरबॅक (चाल रचून पास फेकणारा) आणि ऑफेन्सिव्ह लाइनमधले (त्याच्यापुढे भिंत धरणारे लाइनमन) किती जण परत येतायत ते बघतो, मग ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे दुसऱ्या कॉलेजांतून कोण आलं, कोण गेलं. इंडियाना 2023 ला 3-9 होती. सिग्नेटी कोच म्हणून आला, आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातली आपली पोरं सोबत घेऊन आला, आणि 2024 ला 11-2. रँकिंग मी बघतच नाही.

हिशेबी: आणि भाव? 110 लावून जिंकल्यावर 100 नफा सुटत असेल तर 52.4 टक्के वेळा बरोबर आलास तरच बरोबरीत. वर पैसे नोव्हेंबरअखेरपर्यंत अडकून.

कोलंबसकर: बायको हेच म्हणाली होती, टक्केवारी न काढता. यंदा लाइनमनची यादी काढतोय. आमच्या गावच्या ओहायो स्टेटला हात लावणार नाही, तिथे डोकं चालत नाही माझं.