पर्णरंध्रे (पानावरची सूक्ष्म छिद्रे) उघडतात ती प्रकाशामुळे की कार्बन डायऑक्साइड घटल्यामुळे? मदत हवी आहे

ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची जांभळी साल सोलून, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवून मी सूक्ष्मदर्शकाखाली पर्णरंध्रे पाहत आहे. निळ्या प्रकाशात रक्षक पेशी (रंध्राच्या दोन्ही बाजूंच्या पेशी) प्रोटॉन बाहेर टाकतात, पोटॅशियम आत येते, त्यामागोमाग पाणी शिरते आणि फुगलेल्या पेशींमधली फट रुंदावते, इथवर मला उलगडा होतो. अडचण लाल प्रकाशाची आहे. त्यात प्रकाशसंश्लेषणामुळे पानातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि तेवढ्यानेही रंध्रे उघडू शकतात; मग पानाचा हिरवा गर जिथे उरलेलाच नाही (थोडा चिकटून येतोच म्हणा), अशा सालीत लाल प्रकाशाचा स्वतंत्र परिणाम कसा तपासावा? सोडा लाइममधून (हा कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो) नेलेली हवा द्रावणात सोडल्यास ही दोन कारणे वेगळी करता येतील का? असा प्रयोग केलेल्यांनी द्रावणाची तीव्रता आणि लागणारा वेळ कृपया कळवावा.