भरतीच्या वयात अंगात काय होतं, आणि आज काय उरलंय?

अजिंक्यताऱ्याच्या चढावर पहाटे साडेपाचला दोन तऱ्हेची माणसं भेटतात. घामानं निथळत वर पळणारी भरतीची पोरं, आणि काठी हातात असूनही ती न टेकता चढणारे माजी सैनिक. परवा वर दरवाज्याशी दोघांची चांगलीच जुंपली. "आमच्या वेळची पोरं काटक होती," असं एकीकडून, तर "या, टाइम लावून बघू," असं दुसरीकडून. साताऱ्यात हा विषय नुसत्या गप्पांचा नाही. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंगे गावाचे ४६ जवान कामी आले, आणि आजही गावोगावी घराच्या दारावर हुद्दा लिहिलेली पाटी दिसते. म्हणून विचारतोय: विसाव्या वर्षी तुमचं शरीर खरंच कसं होतं? आज कसं आहे? जे घडलं तेच लिहा.

निवृत्त हवालदार, वय ७१, सातारा तालुका

१९७३ ला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालो. उंची बसली, छाती फुगली, अनवाणी पळून पुढच्या पोरांत आलो. वजन मात्र दीड किलो कमी भरलं. मोजणाऱ्यानं नळाकडं बोट दाखवलं. पोट तट्ट होईपर्यंत पाणी प्यायलो आणि परत काट्यावर उभा राहिलो.

आता सगळे म्हणतात, तुम्ही लोखंडाचे होता. तसं नव्हतं. बेळगावच्या ट्रेनिंग सेंटरला पहिल्या महिन्यात आमच्यातल्या कितीतरी पोरांना रस्सा चढता येत नव्हता. नांगरटीनं पाय आणि पाठ तयार होती, पण दोरावर स्वतःचं अंग वर ओढायचं बळ कुणी शिकवलंच नव्हतं. त्यात घरी दोन वेळची भाकरी, कालवण मिळालं तर मिळालं. सेंटरला दूध, अंडी, पोटभर डाळ मिळायला लागली आणि चार महिन्यांत माझं वजन पाच किलोनं वाढलं. आम्हाला फौजेनं घडवलं. घरून आम्ही फक्त सोसायची सवय घेऊन गेलो होतो.

खरी चूक पेन्शनीत झाली. वीस वर्षं पीटी केली, ती घरी आल्यावर एका दिवसात सुटली. रखवालीची नोकरी, बारा तास खुर्ची. अठ्ठावन्नाव्या वर्षी साखर निघाली. त्याच वर्षी सत्यनारायणाला पाटावर बसलो आणि पूजा झाल्यावर उठता येईना. नातवानं काखेत हात घालून उठवलं. खांद्यावर रायफल घेऊन पाच किलोमीटर पळणारा माणूस मी, त्या दिवशी मान वर करून कुणाकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी खुर्चीवरून उठ-बस सुरू केली. आधी पाच, मग दहा. वर्षभरानं अर्ध्या बैठका. जोर आता भिंतीला हात लावून काढतो. सकाळी हुलग्याचं माडगं, रात्री लवकर जेवण. रोज एकदा जमिनीवर मांडी घालून बसतो आणि हात न टेकता उठतो. टेकावा लागला तर त्या आठवड्यात कुठं ढिलाई झाली ते शोधतो.

वय २१, कराड तालुका

काका, तुमचं वाचून बरं वाटलं, कारण आम्हाला रोज ऐकावं लागतं की आम्ही मोबाइलवाले. अग्निवीर भरतीत २०२३ पासून आधी ऑनलाइन लेखी आणि मग मैदान. मी लेखी काढली. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत आलं तर ६० मार्क, दांड्याला लटकून अंग १० वेळा वर ओढलं, म्हणजे १० बीम काढले, तर ४०. सगळा जीव त्या शंभरावर. पहाटे डांबरी रस्त्यावर, संध्याकाळी परत डांबरावर. नडगी दुखायला लागली तेव्हा ट्रेनर म्हणाले, दुखणं अंगावर काढायला शिक. एक्स-रेत काही दिसलं नाही, एमआरआयमध्ये हाडाला बारीक चीर दिसली. मैदानाच्या तारखेला मी घरी पाय वर करून पडलो होतो.

एक कबूल करतो. त्या आधीच्या महिन्यात माझी वेळ ५.२४ होती, पण डीएपी खताचं ५० किलोचं पोतं ट्रॉलीतून उतरवताना दोनदा टेकवलं. वडिलांनी एका दमात नेलं. आता आठवड्यातून तीनच दिवस पळतो, तेही मातीवर. बाकीचे दिवस तालमीत असतो.

शेतकरी, वय ६६, तासगाव तालुका

मालक सीमेवर, द्राक्षबाग माझ्याकडं. ऑक्टोबर छाटणी, मग विरळणी, मग घड औषधात बुडवायचे. मांडवाखाली दिवस दिवस हात डोक्याच्या वर. लोक म्हणायचे, वहिनी, तुम्हाला व्यायामाची काय गरज? साठीत उजवा खांदा असा आखडला की वेणी घालता येईना. सून घालायची. काम एकाच बाजूनं अंग झिजवतं हे तेव्हा कळलं. चार महिने भिंतीवर बोटांनी चढाई केली, रोज खडूची खूण वर सरकवत. ती खूण आता दाराच्या चौकटीला लागलीय आणि वेणी माझी मी घालते.

फिजिओथेरपिस्ट, मिरज

थोडक्यात सांगते. माझ्याकडं येणारे बहुतेक ज्येष्ठ "रोज चार किलोमीटर चालतो" म्हणतात आणि जिन्यावर अडतात. चालणं हृदयाला चांगलं, पण वयानुसार मांडीचे स्नायू उतरतात ते नुसत्या चालण्यानं भरून येत नाहीत. वजन पेलायला हवं, ताटात डाळ-अंडं हवं. ओट्याला धरून टाचा उचला, एका पायावर उभं राहायचा सराव करा. गुडघा बदललेला असेल किंवा छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि भरतीच्या पोरांनो, हाडावर एकाच जागी बोटानं दाबल्यावर दुखत असेल तर त्या दिवशी पळू नका.

वय १९, खटाव तालुका

मी मिलिटरी पोलिसांच्या अग्निवीर भरतीची तयारी करतेय. मला १६०० मीटर साडेसात मिनिटांत काढायचंय. माझी वेळ ७.४१ वर अडकलीय. शाळेच्या मैदानावर चार फेऱ्यांचा हिशेब बसतो. स्टॉपवॉच आजोबा धरतात, तेही फौजेतलेच, वय ७४. हे सगळं काल रात्री त्यांना वाचून दाखवलं. आज सकाळी माझं पळून झाल्यावर त्यांनी घड्याळ माझ्या हातात दिलं, धोतर खोचलं आणि म्हणाले, लाव. पळाले नाहीत, झपाझप चालले. तिसऱ्या फेरीत थांबतील असं वाटलं, थांबले नाहीत. १७ मिनिटं २० सेकंद. वहीत माझ्या वेळेखाली लिहून ठेवलीय. पुढच्या रविवारी दोघांची परत घेणार आहोत.