मदत हवी आहे: कॉम्प्युटरवर नेट टिकत नाही, मोबाईलवर चालतं. कंपनी बदलू का?

माळवदवाला (सेलू, जि. परभणी)

राम राम मंडळी.

घरी फायबरचं नेट आहे, १०० एमबीपीएसचा प्लॅन. मोबाईलवर व्यवस्थित चालतं, कॉम्प्युटरवर मात्र टिकत नाही. चांगलं चालू असतं, मधेच पान नुसतं गोल गोल फिरत बसतं आणि थोड्या वेळानं आपोआप येतं. खाली कोपऱ्यात वायफायच्या दांड्या दिसत असतात, पण आत काहीच येत नाही.

काम लग्नाच्या अल्बमचं आहे. १२ बाय ३६ च्या शीट डिझाईन करून संभाजीनगरच्या लॅबला पाठवायच्या असतात. फोल्डर दीड-दोन जीबीचा होतो आणि अपलोड ऐन शेवटाला येऊन मरतं. लग्नसराईत गिऱ्हाईक दारात उभं राहतं, म्हणून हल्ली रेल्वेनं तिकडं जाणारं कुणी ओळखीचं दिसलं की त्याच्याजवळ पेनड्राईव्हच देतो. फायबर घेऊन ही गत.

दुसरी भानगड अशी की संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमाराला घरातल्या सगळ्यांचंच नेट जातं, मोबाईलचंसुद्धा. दोन-तीन मिनिटांत परत येतं.

घर जुनं, माळवदाचं. राऊटर बैठकीत, कॉम्प्युटर आतल्या खोलीत, मधे दगड-मातीची जाडजूड भिंत. कॉम्प्युटरला वायफायसाठी छोटी यूएसबी डोंगल आहे, सीपीयूच्या मागे लावलेली.

विंडोज नव्यानं टाकलं, डोंगलचा ड्रायव्हर बदलला, डीएनएस बदलला. कंपनीचा पोरगा आलता. त्यानं वायरच्या टोकाचा कनेक्टर बदलला, स्वतःच्या मोबाईलवर स्पीड टेस्ट करून दाखवली आणि "लाईन ओके आहे, तुमच्या मशीनमध्ये व्हायरस आहे" म्हणून गेला. दुकानदार म्हणतो, रेंज वाढवायची डबी घ्या. कंपनी बदलावी, डबी घ्यावी, का नवा राऊटर? लग्नाच्या तारखा तोंडावर आहेत, जाणकारांनी सांगावं.

गोदाकाठ (नांदेड)

सरळ कंपनी बदला. आमच्याकडं बदलली, तेव्हापासून चकाचक.

जुना टेक्निशियन (लातूर)

@गोदाकाठ, मोबाईलवर चालतंय म्हणजे लाईन जिवंत आहे. कंपनी बदलली तर नवी वायर येईल, पण आतली भिंत आणि कॉम्प्युटर तेच राहणार.

@माळवदवाला, भाऊ, आधी कुठं तुटतंय ते शोधा, खरेदी मागाहून. कॉम्प्युटरवर दोन काळ्या खिडक्या उघडा, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट. दोन्हीत पिंग कमांड द्या. ती समोरच्या पत्त्याला हाक मारते आणि उत्तर किती वेळात आलं ते ओळीत दाखवते, उत्तर आलंच नाही तर रिक्वेस्ट टाइम्ड आऊट लिहिते. तिला मायनस टी लावा, म्हणजे ती थांबवेपर्यंत चालत राहील. एका खिडकीत पत्ता द्या राऊटरचा. पुष्कळ ठिकाणी तो १९२.१६८.१.१ असतो, नसला तर आयपीकॉन्फिग कमांडमध्ये डिफॉल्ट गेटवेसमोर लिहिलेला सापडेल. दुसरीत द्या ८.८.८.८, हा घराबाहेरचा, गूगलच्या सर्व्हरचा पत्ता. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवून आपलं काम करत राहा.

नेट गेल्यावर फक्त ८.८.८.८ वाली अडली आणि राऊटरवाली सुरळीत राहिली, तर दोष राऊटरच्या पुढे, म्हणजे लाईनीत किंवा कंपनीकडे. राऊटरवालीच अडली, तर दोष घरातच, कॉम्प्युटर आणि राऊटर यांच्या मधल्या हवेत. तिथं कंपनीशी भांडून उपयोग नाही.

आणखी एक. राऊटरचा तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की त्याचं पान उघडतं, तिथं लॉगिन करून अपटाइम बघा, तो किती वेळ चालू आहे ते तिथं कळतं. संध्याकाळी नेट जाऊन आल्यावर अपटाइम दोन-चार मिनिटांचाच दिसला, तर राऊटर स्वतः बंद पडून चालू झाला, म्हणजे भानगड विजेची. अपटाइम लांबलचक असून नेट गेलं असेल तर लाईनीचा विचार करू. त्याच पानावर ऑप्टिकल पॉवर किंवा आरएक्स पॉवर असा आकडा मिळेल, उणे चिन्हातला. फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचा जोर त्यावरून कळतो. तोही लिहा. आणि नेट जातं तेव्हा एलओएसचा दिवा लाल होतो का? तो लाल झाला म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नाही.

काळी माती (उदगीर)

हेच माझं एका मित्राला सांगून झालं होतं. पिंग करा म्हणलं तर त्यानं स्पीड टेस्टचे फोटो पाठवले. स्पीड टेस्ट त्या क्षणापुरतीच असते, मधेमधे तुटणारं नेट तिच्यात दिसतच नाही. चांगल्या क्षणी केली की आकडा चांगलाच येणार.

माळवदवाला

जुना टेक्निशियन सर, केलं. दिवसा काम करताना राऊटरवालीच खिडकी अडते. एरवी २ मिलिसेकंद, ३ मिलिसेकंद येतं, मग एकदम ४००, ९०० आणि पाठोपाठ रिक्वेस्ट टाइम्ड आऊटच्या ओळी. गंमत म्हणजे मशीन रिकामं असताना तासभर एकही ओळ चुकली नाही. अल्बम कॉपी करायला घेतला की सुरू.

संध्याकाळी नेट गेलं तेव्हा दोन्ही खिडक्या अडल्या. नंतर अपटाइम बघितला तर ३ मिनिटं. ऑप्टिकल पॉवर उणे २१ आहे. एलओएस लाल दिसला नाही.

जुना टेक्निशियन

उणे २१ म्हणजे चांगला प्रकाश आहे. उणे २७ च्या खाली गेला असता तर कंपनीला बोलवा म्हटलं असतं. तेव्हा लाईनीचं नाव सोडा. तुमच्याकडे दोन वेगवेगळे आजार आहेत, दिवसाचा वेगळा, संध्याकाळचा वेगळा. एकाचं औषध दुसऱ्याला लागू होत नाही, म्हणून इतके उपाय करूनही गुण आला नाही.

दिवसाच्या आजाराबद्दल एक विचारतो. अल्बम कॉपी कुठून करता? डोंगलच्या शेजारच्या सॉकेटात काय लावलेलं असतं?

माळवदवाला

एक्सटर्नल हार्ड डिस्क. फोटोग्राफर तीच आणून देतात. मागच्या निळ्या सॉकेटात लावतो, डोंगल त्याला खेटूनच आहे. कधी कधी पुढं कार्ड रीडर असतो.

जुना टेक्निशियन

सापडलं म्हणायला हरकत नाही. निळं सॉकेट म्हणजे यूएसबी ३. त्यातून डेटा पळायला लागला की हार्ड डिस्क, तिची वायर आणि सॉकेट या सगळ्यांतून रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो, आणि तो नेमका वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. इंटेलनं २०१२ सालीच यावर सविस्तर कागद काढला होता. तुमची छोटी डोंगल बहुधा २.४ वरच चालते. त्यात राऊटरचा सिग्नल त्या भिंतीतून अर्धमेला होऊन पोचतो. लग्नाच्या बँडला टेकून उभं राहायचं आणि पलीकडच्या गल्लीतल्या माणसाचं बोलणं ऐकायचं, तसं त्या डोंगलचं चाललंय. मोबाईल तिथून दोन हात लांब असतो, म्हणून त्याला काही होत नाही, आणि दांड्या दिसत राहतात कारण गोंगाट दांड्यांत मोजला जात नाही.

खात्री करायला पैसे लागत नाहीत. राऊटरची पिंग चालू ठेवा, हार्ड डिस्कवरून मोठा फोल्डर कॉपीला लावा, ओळी बघा. मग कॉपी थांबवा, परत बघा.

माळवदवाला

आत्ताच केलं. कॉपी चालू, टाइम्ड आऊट. कॉपी थांबवली की दोन-तीन ओळींत परत २ मिलिसेकंद. परत चालू, परत तेच. घरच्यांना बोलावून दाखवलं. विंडोज टाकून देणाऱ्यानं पैसे घेतले ते वेगळेच.

अपलोड कामून मरायचं तेही कळलं. फोल्डर थेट हार्ड डिस्कवरूनच चढवत होतो.

जुना टेक्निशियन

मग आज रात्रीपुरतं असं करा: फोल्डर आधी मशीनमध्ये उतरवून घ्या, हार्ड डिस्क काढा, मग अपलोड लावा. उद्या दुकानातून मीटरभराची यूएसबी एक्सटेन्शन वायर आणा आणि डोंगल तिच्या टोकाला लावून टेबलावर, हार्ड डिस्कपासून लांब ठेवा. ५ गिगाहर्ट्झची डोंगल घ्या असं कुणी सांगेल. हा गोंगाट तिला लागत नाही हे खरं, पण ५ चा सिग्नल जाड भिंतीत २.४ पेक्षाही लवकर दम तोडतो. माळवदाच्या घरात मी तरी तो सल्ला देणार नाही.

पक्का उपाय लॅन केबल, म्हणजे राऊटरपासून कॉम्प्युटरपर्यंत थेट वायर. कॅट ६ जातीची घ्या. १०० मीटरपर्यंत चालते, तुमच्या घरात वीस मीटरसुद्धा पुरे होईल. भिंतीला भोक पाडायची गरज नाही, चौकटीच्या वरून पट्टीतून न्या. उघडी टाकू नका, जुन्या घरात उंदीर असतातच.

बालाघाट (अंबाजोगाई)

संध्याकाळचं मी सांगतो दादा, आमच्याकडं सेम होतं. दिवेलागणीला होल्टेज पडतं, बल्ब पिवळा होतो, इन्व्हर्टर टकटक करून बॅटरीवर जातं आन् तेवढ्या झटक्यात राऊटर मरतं. मग ते उठून लाईन पकडीपर्यंत दोन-तीन मिनिटं जात्यात. इन्व्हर्टरवर एक बारीक बटन असतं बगा, एकीकडं यूपीएस आन् दुसरीकडं नॉर्मल नाहीतर इको. यूपीएसवर टाका, बदली पटकन होते. बॅटरी जरा जास्त खाईल, पण नेट ऱ्हाईल.

आन् राऊटरच्या अडॅप्टरला हात लावून बगा. लई तापला आसंल तर त्याचंच आयुष्य संपत आलंय.

जुना टेक्निशियन

बालाघाट यांचं बरोबर आहे. अडॅप्टरमधला कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून धरणारा भाग, थकला की क्षणभराचा खड्डाही त्याला झेलत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो लवकर थकतो. नवा घेताना व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, जुन्यावर १२ असेल तर १२ च. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नकोत. पिनची जाडी आणि आतलं अधिक-उणे चिन्हही जुळवा. त्यापेक्षा अडॅप्टर आणि राऊटरच्या मधे बसणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, तो सगळ्यात बरा. लाईट गेली तरी राऊटरला पत्ता लागत नाही.

माळवदवाला

कळवतो. एक्सटेन्शन वायर आणली, डोंगल आता मॉनिटरच्या वर चिकटवलीय. हार्ड डिस्क लावून कॉपी चालू असतानासुद्धा पिंग ५-१० च्या पुढं फारशी जात नाही, क्वचित एखादी ओळ चुकते. काल रात्री अख्खा अल्बम एका दमात लॅबला गेला.

इन्व्हर्टरचं बटन नॉर्मलवर होतं, यूपीएसवर टाकलं. काल संध्याकाळी टिकलं, आज परत एकदा गेलं. अडॅप्टर हाताला चांगलाच चटका देतो. तो छोटा यूपीएस इथं मिळाला नाही, परभणीहून मागवलाय, तोवर अडॅप्टर बदलून बघतो.

काळी माती

रेंज वाढवायच्या डबीचं काय ठरलं?

जुना टेक्निशियन

घेऊ नका. ती डबी आतल्या खोलीत ठेवली तर तिलाही सिग्नल त्याच भिंतीतून घ्यावा लागणार, आणि बैठकीत ठेवली तर राऊटर तिथं आहेच. तेवढ्या पैशात केबल येईल. केबल घेताना खोक्यावर सीसीए लिहिलेलं दिसलं तर ती सोडा, आत तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असतं. दोन्ही टोकांना आठही तारा नीट बसवून घ्या. चारच बसवल्या तर गाडी १०० एमबीपीएसवर अडकते. आत्ताच्या प्लॅनला तेवढं पुरतं, पण पुढं प्लॅन वाढवला की तिथंच अडकाल.